लेक रडायला शिकली

आमची लेक घरी आली तेव्हा दहा महिन्यांची होती, आणि ती रडत नव्हती.

भूक लागली तरी नाही, लंगोट ओला झाला तरी नाही, बसल्याजागी कलंडून डोकं आपटलं तरी नाही. सकाळी मी उठून पाळण्यापाशी जायचे, तर ती टक्क जागी. छताच्या पंख्याकडे बघत पडलेली. अंगाखालचं दुपटं ओलं होऊन गार पडलेलं असायचं, म्हणजे जागी होऊन बराच वेळ झालेला. पण आवाज नाही. मी वाकले की माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायची, जणू माझ्यामागे कुणी उभं आहे.

नव्वदच्या दशकाचा शेवट जवळ आला होता. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, दवाखाने करून झाले होते. एका रविवारी आमटी-भात जेवताना नवरा म्हणाला, "आपण मूल आणू या का?" मी म्हटलं, "आणू या." मनातलं बोलायला दोघंही कधीचे टपून बसलो होतो, हे त्या क्षणी कळलं. नंतर दत्तकाची कागदपत्रं, संस्थेकडून घर बघायला आलेल्या बाई, वाट पाहणं, यात वर्षभर गेलं.

गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर आमचं दोन खोल्यांचं घर होतं. नवरा अंबडच्या एका कारखान्यात टूलरूमला होता. कोपऱ्यावर त्याची कंपनीची बस यायची. मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. बाळ यायच्या आधी मी बिनपगारी रजा घेतली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "पहिलं वर्ष घरीच राहा. पोराला माणूस लागतं."

ज्या संस्थेतून तिला आणलं, तिथला हॉल स्वच्छ होता. ओळीने पाळणे, खिडकीत वाळत घातलेली झबली, फिनेलचा वास. सांभाळणाऱ्या मावशींनी तिला माझ्या हातात दिलं, तिच्या टाळूवर ओठ टेकवले आणि पदराने डोळे पुसले. "लई गुणाची हाय ही," त्या म्हणाल्या. "हिचा कधी आवाज नाय बघा."

मला ते कौतुकच वाटलं. घरी आल्यावर शेजारच्या काकूंनाही तसंच वाटलं. समोरच्याच दाराच्या काकू. तीन मुलं वाढवलेल्या, त्यामुळे त्यांचा अनुभव दांडगा. रोज डोकावून जायच्या. "अगंबाई, किती शहाणं बाळ! आमचा धाकटा तर सगळी बिल्डिंग डोक्यावर घ्यायचा." मी हसायचे. पण आठवडा झाला, दोन आठवडे झाले, आणि ते हसू माझ्या तोंडावर अवघडायला लागलं.

उचलून घेतलं तर ती अंगाला चिकटायची नाही. पाठ ताठ, हात दोन्हीकडे पसरलेले. दूध पाजताना बाटलीकडे बघायची, माझ्याकडे नाही. झोप आली की डोकं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलवत राहायची. असं हलवता हलवता आपली आपणच झोपी जायची. तिला माझी गरजच लागत नव्हती. इतकी वर्षं ज्या मुलाची वाट पाहिली ते मूल मांडीवर होतं, आणि मला वाटायचं, हे कुणा दुसऱ्याच्या घरी जायला निघालंय, वाटेत जरा आपल्याकडे थांबलंय.

एका संध्याकाळी नवऱ्याने तिच्यामागे उभं राहून स्टीलचं ताट फरशीवर टाकलं. ती दचकली, वळून ताटाकडे बघितलं आणि पुन्हा आपल्या बोटांशी खेळायला लागली.

"ऐकू येतंय," तो म्हणाला.

"मग?"

त्याने ताट उचलून जागेवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून आला आणि आम्ही तिला घेऊन बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो.

डॉक्टर बाईंनी तिला बराच वेळ तपासलं. कानामागे किल्ल्या वाजवल्या, डोळ्यांपुढून लाल चेंडू नेला, पाय वाकवून बघितले, टेबलावर बसवून सोडून दिलं. मग आम्हाला समोर बसायला सांगितलं.

"कान चांगले आहेत, डोळे चांगले आहेत. वजन कमी आहे, ते भरेल."

"मग ही रडत का नाही?" मी विचारलं.

"मूल रडतं ते कुणीतरी यावं म्हणून. तिथे मुलं जास्त, माणसं कमी. मावशी प्रेमळ असणार, पण एका वेळी किती पाळण्यांपाशी जातील? रडून कुणी येत नाही, असं बरेच दिवस झालं की मूल रडणं सोडून देतं. लोक म्हणत असतील, किती शहाणी. ही शहाणी नाही हो. हिने नाद सोडलाय."

नवऱ्याने टेबलाखाली माझा हात धरला. त्याचाही गार होता.

"औषध काय द्यायचं?" त्याने विचारलं.

"औषध काही नाही. तिच्याशी बोला. जे काही करत असाल ते तिला सांगत करा. ती रडायची वाट बघू नका. हात हलवला, ओठ हलवले, नुसतं 'अं' केलं, तरी जवळ जा, उत्तर द्या. आणि आपलं बोलून झालं की थांबा. तिला तिची पाळी द्या. आत्ता आपण बोलतोय ना, तसंच."

"आणि यातून ही..." पुढचं मला विचारवेना.

"बहुतेक मुलं येतात बाहेर. तुम्ही लवकर आलात हे चांगलं झालं. पण किती दिवसांत, ते मला विचारू नका."

रिक्षाने घरी आलो. जिन्यात नवरा म्हणाला, "बोलायचंच तर आहे. तुझा तर धंदाच तो."

मलाही तसंच वाटलं होतं. शाळेत वर्गभर पोरांपुढे मी दिवसभर बोलायचे, घसा बसेपर्यंत. पण दुसऱ्या दिवशी तो अंबडला गेला, दार लागलं, आणि त्या शांत घरात, माझ्याकडे न बघणाऱ्या बाळापुढे माझ्या तोंडून शब्द फुटेना. वर्गात पोरं निदान चुळबुळ तरी करतात, "बाई, पाणी पिऊन येऊ?" विचारतात. इथे माझाच आवाज मला परका वाटायला लागला.

शेवटी मी मेथीची जुडी सोडली आणि तिला समोर चादरीवर बसवलं.

"ही मेथी," मी म्हटलं. "हिची पानं घ्यायची. काड्या टाकायच्या. ही बघ माती. जुडी भरलेली दिसावी म्हणून बाजारवाल्याने मुळांसकट बांधलीय."

ती चादरीच्या किनारीचा दोरा ओढत होती. मी एक पान तिच्यापुढे धरलं आणि थांबले. डॉक्टर बाईंनी थांबायला सांगितलं होतं. तिने पान घेतलं नाही. मी पुढचं पान खुडलं आणि पुन्हा सांगितलं. तेवढ्यात दूधवाल्याच्या बिलासाठी काकू डोकावल्या. मला मेथीचं वर्णन करताना बघून म्हणाल्या, "कुणाशी बोलताय?" मी म्हटलं, "हिच्याशी." काकूंनी बाळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही न म्हणता त्याही खाली बसून मेथी निवडायला लागल्या. त्या दिवसापासून काकूही बोलायला लागल्या. त्यांना मुळात निमित्तच हवं असायचं.

मग तेच सुरू झालं. कुकरची शिट्टी झाली की "शिट्टी झाली." कपडे वाळत घालताना "हा बाबांचा शर्ट, याला तेलाचा डाग आहे, गेला नाही." सकाळी पाटावर बसून, पाय लांब करून, पायांवर तिला घेऊन तेल लावायचे. मालिश करताना काहीतरी ताल लागतो म्हणून मी मनानेच जुळवलं होतं. तेल तेल पायाला, तेल तेल पोटाला, गार गार हाताला, ऊन ऊन पाठीला. त्यात अर्थ काही नव्हता. पण रोज तेच, त्याच क्रमाने. पोटाच्या आधी मी थांबायचे. बरेच दिवस काहीच झालं नाही. मग एकदा मी थांबले असताना तिचं पोट हलकंच आत गेलं. माझा हात अजून लागलाही नव्हता. पुढे काय येणार हे तिला ठाऊक झालं होतं.

मी संध्याकाळी नवऱ्याला हे सांगितलं. त्याने अगदी गंभीरपणे विचारलं, "नक्की पोटच आत गेलं? श्वास घेतला नसेल ना?" कारखान्यात दिवसभर मापं घेणारा माणूस तो. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मालिशीच्या वेळी तो पाटाशेजारी उकिडवा बसला आणि आम्ही दोघं त्या इवल्या पोटाकडे श्वास रोखून बघत राहिलो. पोट आत गेलं. "खरंच की गं," तो म्हणाला, आणि उठून उगीचच गॅलरीत जाऊन उभा राहिला.

त्याची स्वतःची रीत वेगळी होती. त्याला बडबड करता यायची नाही. तो घरी आला की हातपाय धुऊन तिच्यासमोर मांडी घालून बसायचा, दोघांपुढे एकेक स्टीलची वाटी उपडी ठेवायचा आणि चमच्याने आपल्या वाटीवर ठक ठक करायचा. मग थांबायचा. ती चमचा तोंडात घालायची. तो पुन्हा ठक ठक करायचा. त्याच्या थांबण्याला अंत नसायचा. भाजी गार झाली तरी तो बसलेला. मी कधी चिडायचे, "अरे, जेवून घे ना आधी!" तर म्हणायचा, "पाळी तिची आहे."

असंच एकदा जेवायची पानं वाढली असताना स्वयंपाकघरात मला ऐकू आलं, ठक ठक. मग शांतता. मग, ठक. एकच, अशक्त, वाकडी. मी बाहेर धावले. नवरा हलला नव्हता. हळू आवाजात, तिच्यावरची नजर न काढता म्हणाला, "बोलू नकोस. उत्तर आलंय."

इतकं होऊनही ती आमच्या तोंडाकडे फारशी बघत नव्हती. वाटीकडे बघायची, तेलाच्या बाटलीकडे बघायची. आणि रडणं तर नाहीच. थंडीचे दिवस आले, तेव्हा कळवणहून माझे सासरे आले.

आम्ही त्यांना नाना म्हणायचो. सासूबाई जाऊन काही वर्षं झाली होती. शेत, म्हैस आणि एक वाटेकरी, एवढ्यात ते राहायचे. आम्ही मूल आणतोय हे नवऱ्याने त्यांना फोनवर सांगितलं, तेव्हा त्यांनी एकच विचारलं. "पोरगी का पोरगा?" "पोरगी." "बरं शे," बरं आहे, एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. त्या 'बरं शे'चा अर्थ काय लावायचा, हे मला कळलं नव्हतं. रक्ताची नाही म्हणून राग आला असेल का? त्यानंतर सुगीमुळे त्यांचं येणं झालं नाही. आता डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं होतं, म्हणून आले. मी आतून धास्तावले होते. आपणच अजून तिच्याशी सूर जुळवतोय, त्यात घरात कुणाच्या मनात किंतू नको, असं वाटत होतं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. डोळ्यावर हिरव्या कापडाची झापड बांधून नाना घरी आले. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, शिंकायचं नाही, खोकायचं नाही, अशी तंबी मिळाली होती. उभा जन्म शेतात गेलेला माणूस. त्यांना खुर्चीत नुसतं बसायचं म्हणजे शिक्षाच. सकाळी गॅलरीत ऊन यायचं. मी त्यांची खुर्ची तिथे मांडायचे आणि समोर गोधडीवर लेकीला बसवायचे, म्हणजे माझं दोघांवर लक्ष राहायचं.

पहिल्या की दुसऱ्या सकाळी मी आत पोहे परतत होते. गॅलरीतून नानांचा आवाज आला. ते आमच्याशी शहरातलं मराठी बोलायचे, जरा बेतून. पण हा आवाज वेगळा होता, त्यांच्या गावचा.

"काय व माय, काय देखस? मन्हा डोया शे हाऊ. बिघडना व्हता."

आपल्या बिघडलेल्या डोळ्याची हकिगत ते कुणाला तरी सांगत होते. मी झाऱ्यासकट दारात आले. लेक मान वर करून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. खांद्याकडे नाही, खुर्चीच्या पायाकडे नाही. थेट तोंडाकडे, त्या हिरव्या झापडीकडे. आणि झापडीवरून नजर घसरून दुसऱ्या, उघड्या डोळ्यावर गेली आणि तिथेच थांबली.

"सूनबाई," नाना मला म्हणाले, "ही पोर माझ्याकडेच पाहतीये."

"पाहू द्या, नाना. बोला तिच्याशी. थांबू नका."

त्यांना आग्रहाची गरज नव्हती. नाशिकमध्ये आपल्या बोलीत बोलायला त्यांना दुसरं कुणी नव्हतंच. मुलगा दिवसभर कामावर, मला ती बोली समजायची पण बोलता यायची नाही. त्यांनी तिला शेजाऱ्याने बांध कोरल्याचं सांगितलं, म्हशीचं सांगितलं, कांदा चाळीत ठेवावा की विकावा हे विचारलं. मध्येच थांबून म्हणायचे, "सांग ना व माय." ती बघत असायची. मधूनच "अं" म्हणायची. "हां, मी बी तेच म्हणस," नाना म्हणायचे आणि पुढे चालू.

माझी धास्ती कधी गळून पडली, मला कळलंही नाही. रक्ताबिक्ताचा विषय त्या माणसाच्या मनात होता की नव्हता, मी कधी विचारलं नाही. पुढे कधी विचारावंसंही वाटलं नाही.

एक दिवस मी मिरचीची फोडणी दिली आणि ठसका गॅलरीत गेला. नानांना शिंक यायला लागली. शिंकायचं नाही ही तंबी आठवून त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले, तोंड वर केलं आणि "आं... आं... आं..." करत थोपवायला लागले. मी गॅस बंद करून धावले. "नाना, टाके! शिंकू नका!" त्यांनी कशीबशी ती शिंक गिळली. आणि त्या शांततेत खालून एक आवाज आला. आधी उचकी लागल्यासारखा, मग खळखळून. लेक हसत होती. तोंड उघडं, पुढचे दोन दात दिसतायत, सगळं अंग गदगदतंय.

आम्ही दोघं तिच्याकडे बघतच राहिलो. मग नानांनी माझ्याकडे एका डोळ्याने बघितलं आणि पुन्हा, मुद्दाम, "आं... आं..." केलं. थांबले. ती श्वास रोखून वाट बघत राहिली. नानांनी नुसतंच तोंड मिटलं. ती पुन्हा खदखदली.

नवरा आल्यावर नानांनी त्याला पिशवीसुद्धा खाली ठेवू दिली नाही. "बस इथे, दाखवतो." वडील खोटं खोटं शिंकतायत आणि मुलगी हसून लोळतेय, हे बघताना तो भिंतीला टेकून उभा राहिला. त्याचा चेहरा असा सैल झालेला मी बऱ्याच महिन्यांत बघितला नव्हता.

आणि मग तो दिवस आला.

नानांचे डोळ्यात घालायचे थेंब संपले होते. मेडिकल कोपऱ्यावरच होतं. दुपारी जेवणं झाल्यावर काकूंना येऊन बसायला सांगितलं आणि मी चपला घातल्या. एरवीही मी अशी खाली जायचे. ती आपल्या खेळात असायची, माझं जाणं-येणं तिच्या गावीही नसायचं. त्या दिवशी मात्र चपला घालताना तिने मान वळवून बघितलं. मी म्हटलं, "आले हं." दार ओढलं आणि निघाले.

दुकानात गर्दी होती. थोडा वेळ लागला. परत येऊन जिन्याला लागले तर वर कुठेतरी एक मूल जिवाच्या आकांताने रडत होतं. माझ्या मनात आलं, कुणाकडे पाहुणे आलेत वाटतं. तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता, ओळखणार कसा? पहिल्या मजल्यावर आले तेव्हा वरून काकूंची हाक आली. "अहो, लवकर या! हिला काय झालंय बघा! तुम्ही गेल्यापासून थांबतच नाहीये!"

उरलेल्या पायऱ्या मी कशा चढले, आठवत नाही.

दार उघडं होतं. काकूंच्या कडेवर लेक लालबुंद झाली होती. नाकाला शेंबूड, केस कपाळाला चिकटलेले. काकूंच्या खांद्यावरून अर्धी बाहेर झुकून ती दाराकडे बघत होती. नाना खुर्चीतून उठून उभे होते. उचलता येत नाही म्हणून हात नुसतेच पुढे धरून, "आली व माय, आली, देख, आली," म्हणत होते. तिने मला बघितलं. रडणं एक क्षण थांबलं. मग दोन्ही हात माझ्याकडे पसरले आणि पुन्हा मोठ्याने भोकाड पसरलं. पण आता ते रडणं माझ्याशी बोलणं होतं. कुठे गेली होतीस, असं चक्क भांडण होतं ते.

मी उंबऱ्यातच बसले. चपला पायात, थेंबांची पुडी हातात. तिने माझ्या गळ्याला मिठी मारली, तोंड मानेत खुपसलं आणि हुंदके देत देत शांत झाली. कधी ताठ असणारी ती पाठ माझ्या हाताखाली मऊ पडली होती. तिची बोटं माझ्या ब्लाउजच्या कडेत इतकी घट्ट अडकली होती की नंतर एकेक करून सोडवावी लागली. आणि मी हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"अहो, पोर एवढी रडलीय आणि तुम्ही हसताय?" काकू घाबरल्याच. "काही बाधलं का हिला? दृष्ट काढू का?"

"काही नाही झालं, काकू. रडली ती. माझ्यासाठी रडली."

काकूंना डॉक्टर बाईंचं सगळं मी सांगितलेलं होतं, पण त्यांच्या लक्षात यायला क्षणभर वेळ लागला. मग "अगंबाई!" म्हणाल्या आणि त्यांनीही पदर डोळ्यांना लावला. नाना हळूच खुर्चीत बसले. "मला वाटलं, माझ्याच्याने काही झालं," म्हणाले. मी सगळ्यांना साखर जास्त घालून चहा केला, एका हाताने. लेक दुसऱ्या हातावरून उतरायलाच तयार नव्हती.

संध्याकाळी नवऱ्याला दारातच बातमी मिळाली. त्याने ती माझ्याकडून ऐकली, मग नानांकडून, मग काकूंना बोलावून त्यांच्याकडून. मग म्हणाला, "मी बाहेर जाऊन बघू?"

"कशाला?"

"माझ्यासाठी रडते का ते."

बूट काढलेले होते. तो तसाच मोज्यांवर बाहेर गेला, तिच्याकडे बघून हात हलवला, "बाबा चालले हं," असं मोठ्याने म्हणाला आणि दार ओढून घेतलं. आम्ही आत श्वास रोखून बसलो. तिने दाराकडे बघितलं. मग वाटी उचलली आणि फरशीवर आपटून वाजवायला लागली. थोड्या वेळाने दाराबाहेरून आवाज आला, "रडली का?"

"नाही."

"थोडी तरी?"

नाना हसून हसून डोळा धरून बसले. नवरा आत आला तो पडलेल्या चेहऱ्याने. मी त्याची समजूत घातली, पण मला हसू आवरत नव्हतं. पुढचा आठवडाभर तो रोज सकाळी डबा घेऊन निघताना दारात जरा जास्तच रेंगाळायचा. मग एका सकाळी, तो अर्धा जिना उतरला असताना, आत लेकीने गळा काढला. तो धावत वर आला. तिला घेतलं, ती थांबली. ठेवून निघाला, ती पुन्हा रडली. तो पुन्हा वर. असं करता करता खाली कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजला आणि बस निघून गेली. "जाऊ दे," म्हणाला, "स्कूटरने जातो." इतक्या आनंदाने बस चुकवलेला माणूस मी त्यानंतर बघितला नाही.

त्यानंतरचे काही महिने तिने आम्हाला सळो की पळो करून सोडलं. मला न्हाणीत जाऊ देईना, दाराला धडका मारायची. काकूंनी कडेवर घेतलं तर ओठ काढायची. काकू म्हणायच्या, "आता आमच्या धाकट्यालाही मागे टाकलं हिने." मी थकून जायचे, कमरेला पट्टा लावायची वेळ आली. पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की इतकी गाढ झोप लागायची, जशी तिच्या येण्यापासून लागली नव्हती. नानांचा डोळा बरा झाला. जायच्या दिवशी त्यांनी तिला पहिल्यांदा स्वतः उचलून घेतलं, आणि एस.टी. सुटायची वेळ होईपर्यंत खाली ठेवलं नाही.

दोन वर्षांची झाली तेव्हा आम्ही तिला पुन्हा डॉक्टर बाईंकडे नेलं. कोर्टाचा हुकूम तोवर झाला होता, ती कागदोपत्रीही आमची होती. बाईंच्या टेबलावर ठोकळे होते, चित्रांचं पुस्तक होतं. तिने गाय दाखवली, चप्पल दाखवली. बाईंनी तिला पुढचं पान उलटू दिलं नाही, तर बाईंच्या हातावर चापट मारली. मी ओशाळून म्हटलं, "अगं, असं नाही करायचं!"

"करू द्या," डॉक्टर बाई हसून म्हणाल्या. त्यांनी स्टेथोस्कोप गळ्यातून काढून बाजूला ठेवला. "हिची काळजी करायचं आता कारण नाही. इतर मुलांना आणतात तसं हिला आणा. सर्दी, ताप, लसी."

बाहेर आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. नवऱ्याने स्कूटरला किक मारली, मी लेकीला मांडीवर घेऊन मागे बसले. बोलण्यासारखं एवढंच होतं की सगळं ठीक आहे, आणि ते दोघांनीही ऐकलं होतं. घराच्या वळणाशी येईपर्यंत तिचा भार माझ्या दंडावर आला. झोपली होती.

"झोपली," मी त्याच्या कानाशी म्हटलं.

स्कूटर थांबली तर जागी होईल, म्हणून तो वळलाच नाही. गंगापूर रोडने सरळ पुढे धरणाच्या दिशेने निघाला, हळूहळू, खड्डे चुकवत. घरं संपली, द्राक्षांचे मळे लागले. गार वारा यायला लागला तसा मी पदर तिच्या अंगावरून ओढून घेतला. कुठपर्यंत जायचं हे ना त्याने ठरवलं होतं, ना मी विचारलं.